चंदनाचा कोळ

"आनखी एक भाकर दे गं," रखमाजी आबा म्हणाले, आणि भिंतीच्या अलीकडे विठाबाईच्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं.

म्हातारा भाकर मागत होता. सासूबाई गेल्यापासून ज्याच्या पोटात अर्धी भाकर घालताना विठाबाईच्या नाकी नऊ येत, तो माणूस दुसरी भाकर मागत होता. आणि मागत होता कुठं, तर शेजारी, धाकट्या जावेच्या, राजेश्वरीच्या चुलीपुढं बसून.

वाटणीत घराच्या मधोमध भिंत पडली, पण ती आढ्यापर्यंत काही गेली नाही. त्यामुळं एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ठसका आणायची आणि एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू जायचं. राजेश्वरीचं दार परड्याकडं काढलं होतं. तिच्याकडं जायचं तर गोठ्याला वळसा घालावा लागे. आबा वाटणीत थोरल्याकडं राहिले. म्हणजे विठाबाईकडं. त्यांचं अंघोळीचं पाणी, पायाला तेल, रात्रीची पेज, खोकल्याचा काढा, सगळं तिनं केलं. त्याबद्दल औंढे गावात कुणी कधी चकार शब्द काढला नाही. थोरल्या सुनेनं करायचं ते तिनं केलं, त्यात काय सांगायचं?

पण धाकटीनं महिनाभर रोज वाटीभर कोळ पाजला आणि गावभर बोभाटा झाला. देवळापाशी बायका म्हणाल्या, "राजेश्वरीनं म्हाताऱ्याला उभा केला बरं का." दळणाच्या गिरणीत तेच. विठाबाई पीठ डोक्यावर घेऊन घरी आली ती फणफणतच. 'मी काय इतकी वर्सं म्हाताऱ्याला झोपवून ठेवला व्हता का?'

हा कोळ होता चंदनाच्या फळांचा. दोघींच्या भातखाचरांच्या मधल्या बांधावर एक चंदन उगवलेलं होतं. कुणी लावलं नाही, बुलबुलानं बी टाकलं असेल. झाड इतकं काटकुळं की लाकूड चोरणाऱ्यालाही कुऱ्हाड उचलायची लाज वाटावी. वाटणीच्या वेळी मोजणी झाली तेव्हा ते राजेश्वरीच्या बाजूला हातभर गेलं आणि विठाबाईच्या बाजूला आलं एक ऐनाचं झाड. विठाबाईनं तेव्हा मनात म्हटलं होतं, बरं झालं, भाताचा वाफा भाजायला, राबाला, ऐनाचा टहाळ तरी होतो. चंदन काय चाटायचंय?

मग तळेगावच्या कॉलेजात झाडांचा विषय शिकवणाऱ्या श्रद्धा मॅडम आल्या. राजेश्वरीचं माहेर बेगडेवाडीचं, तिथली त्यांची ओळख. माघ महिना होता, चंदन फळांनी काळंजांभळं झालं होतं. बारीक फळं, चण्याहून जरा मोठी. पोरं जाता येता तोंडात टाकत, बिया थुंकत. मॅडमनी चार फळं खाल्ली आणि म्हणाल्या, "याच्या गरात जांभळासारखी, करवंदासारखी चांगली द्रव्यं असतात. प्रयोगशाळेत तपासलंय लोकांनी. माणसांवर अजून नीट पाहिलेलं नाही, तेव्हा औषध म्हणू नका. पण पिकलेलं फळ म्हणून थोडं खायला हरकत नाही."

एवढं म्हणायचा अवकाश, राजेश्वरीनं फळं वेचली, पाण्यात चोळली, बिया बाजूला काढल्या, फडक्यानं गाळलं आणि गूळ-जिरं टाकून आबांना वाटी दिली. आबांनी ओठ चाटले. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन गोठ्याला वळसा घालून गेले. काठी टेकत, पण गेले.

विठाबाईला हे खुपलं. नुसतं खुपलं नाही, रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते छातीत कुसळासारखं टोचत राहायचं. मत्सराला नाव ठेवणं सोपं असतं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याची ताटं वाढली आणि जिला कुणी "जेवलीस का" विचारलं नाही, तिनं तो करू नये तर कुणी करावा?

एकदा शेण काढताना तिला आबा गोठ्याच्या आडोशाला, पेंढ्याच्या गंजीला टेकून उभे दिसले. ते धोतराच्या सोग्यानं मिशा पुसत होते. पांढऱ्या मिशांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या.

"मामंजी, हितं काय करताय?"

"कुटं काय? म्हस बघतुया."

"म्हस तिकडं हाय."

"तिकडनंच बगून आलो," म्हातारा म्हणाला आणि लगालगा चालू लागला. आताशा त्याला चालायलाही येत होतं. विठाबाईनं शेणाची पाटी आपटली.

त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीपाशी राजेश्वरी भेटली. वाटणीपासून दोघींचं बोलणं कामापुरतं होतं. राजेश्वरी हंडा टेकवून उभी राहिली, जरा घुटमळली.

"अक्का, गुडघं कसं हायती आता? फरक वाटतोय का?"

विठाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याला उभा केला, आता माझ्या गुडघ्याची वैद्य झाली ही! पण चारचौघींत काय बोलणार?

"हायती तसंच," ती म्हणाली.

"मग गूळ जरा कमी करू का? का जास्त हवा?"

"तुजी फळं, तुजा गूळ. मला काय इचारतीस?"

राजेश्वरीचा चेहरा उतरला. तिनं हंडा उचलला आणि गेली. विठाबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण ते गोडपण टिकलं नाही. मग तिनंही एक खेळ करून पाहिला. भर दुपारी कुणी नाही बघून ती बांधावर गेली आणि चंदनाखाली पडलेली फळं ओटीत गोळा करून आणली. कोळ काढला, गूळ घातला, जिरं घातलं. स्वतः थेंबभरही चाखला नाही. तिच्या झाडाचं माझ्या तोंडात नको, असा तिचा बाणा. वाटी तिनं आबांपुढं सरकवली.

आबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला वास येतुया."

येणारच. खाली पडून आंबलेली फळं ती. झाडावरची तोडायला तिला तोंड नव्हतं.

"तिच्या हातचं बरं ग्वाड लागतं," ती म्हणाली.

"ती ताजी घेती, थोरले," आबा साधेपणानं म्हणाले, आणि वाटी खाली ठेवली. विठाबाईनं कोळ मोरीत ओतला. मोरीची फरशी जांभळी झाली, ती घासूनही नीट निघेना.

फाल्गुनात श्रद्धा मॅडम पुन्हा आल्या. राजेश्वरी चहा टाकायला घरात गेली आणि मॅडम एकट्याच बांधावर उभ्या होत्या. विठाबाई तिथंच राबासाठी गळलेल्या पानांचा पातेरा गोळा करत होती.

"हा ऐन कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"आमचा."

"मग या चंदनाचं निम्मं श्रेय तुमचं हो," मॅडम हसून म्हणाल्या. "चंदन एकट्याच्या बळावर नीट वाढत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून रस घेतात. इथं मोठं झाड तुमचा ऐनच दिसतोय, बाकी ही झुडपं. तुमचा ऐन आहे म्हणून हे इतकं फळतंय."

त्या बाईनं हे कौतुकानं सांगितलं. विठाबाईच्या कानात ते भलतंच शिरलं. म्हणजे माझ्या झाडाचा रस ओढून हिचं झाड फळतं. ती फळं चोळून ही माझ्या सासऱ्याला पाजते. आणि नाव हिचं! घर माझं, म्हातारा माझा, ऐन माझा, आणि आरती हिची ओवाळायची?

राजेश्वरी चहा घेऊन आली. विठाबाईनं पातेऱ्याचं ओझं डोक्यावर घेतलं आणि चहा न घेताच गेली.

रात्री तिनं नवऱ्यापुढं विषय काढला. हौशीराम गरीब स्वभावाचा, तंबाखू चोळत ऐकून घेणारा.

"औंदा राबाला ऐन पाडायचा."

"टहाळ काढू की. दरसाल काढतो तसा."

"टहाळ न्हवं. बुंध्यातनं."

हौशीरामचा अंगठा तळहातावर थांबला. "अगं, टहाळ काढला की पुढल्या साली परत फुटतंया. झाड पाडून काय करायचं?"

"त्याची सावली पडती खाचरात. कडंची रोपं पिवळी पडत्यात. तुमाला दिसत न्हाई, मला दिसतंया. लावणीला वाकते मी."

त्यानं तंबाखू दाढेत धरली आणि कूस बदलली.

राजेश्वरी भावाच्या पोराच्या लग्नाला बेगडेवाडीला गेली होती, तेव्हा विठाबाईनं गेणूला बोलावलं. गेणू गावात लाकडं फोडायचा. त्यानं ऐनाच्या भेगाळलेल्या सालीवरून हात फिरवला.

"वैनी, झाड हिरवं हाय. कुऱ्हाड उचलवत न्हाई बगा."

"मग दुसरा बघते."

गेणूनं हातावर थुंकी टाकली. घाव बसू लागले तसे चंदनावरचे बुलबुल उडाले. ऐन पडायला दुपार झाली. पडताना त्याची एक फांदी चंदनाला घासून गेली, तेवढंच. चंदन उभंच्या उभं राहिलं, पानसुद्धा फारसं गळलं नाही. विठाबाईला वाटलं, मॅडम उगाच बोलतात. आणि मग वाटलं, तसं असेल तर ऐन पाडून काय उपयोग? तिनं गेणूला सांगून बांधावरची झुडपंही साफ करून घेतली. राबाला सगळं चालतं.

पुढचे दिवस कामात गेले. वाफ्यात शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, वरून चाळलेली माती. ओझी वाहून विठाबाईची मान आखडली, गुडघे रात्री ठणकत. पण अंगात एक हुरूप होता. वारा पडल्यावर हौशीरामनं राब पेटवला. आग हळूहळू सरकत गेली आणि धूर चंदनातून वर गेला. राखेनं माखलेल्या तोंडानं विठाबाई बांधावर बसली होती. हौशीराम म्हणाला, "औंदा रोपं झकास येनार." ती म्हणाली, "येऊ देत की." तिचं लक्ष रोपांकडं नव्हतं.

राजेश्वरी परत आली. तिनं बांध पाहिला. "अक्का, लय उजेड झाला हो बांधावर," एवढंच म्हणाली.

वैशाखात चंदनाची पानं पिवळी पडली. उन्हाळाच तसा, असं सगळे म्हणाले. पाऊस लागला, डोंगरावरून धबधबे सुटले, लोणावळ्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली, लावण्या झाल्या. विठाबाईची रोपं खरंच झकास आली. सगळं रान हिरवं झालं पण चंदन शेंड्याकडून वाळत आलं. राजेश्वरीनं बुंध्याला शेणखत घातलं, कुणी सांगितलं म्हणून ताक घातलं, नवस बोलली. दिवाळीला झाडावर मोजकी पानं होती. माघ आला तेव्हा तीही नव्हती.

विठाबाईला वाटलं होतं, आता बरं वाटेल. वाटलंही, चार दिवस. देवळापाशी बायका चंदनाबद्दल हळहळल्या तेव्हा तीही हळहळली, आणि तिला ते जमलंही. पण आबांनी जेवण टाकलं. शेजारी जाणं बंद केलंच, हिच्या ताटातलीही अर्धी भाकर त्यांनी चतकोरावर आणली. दिवसभर बांधाकडं तोंड करून ओट्यावर बसत. हातपाय काड्यांसारखे झाले. तिनं पेज केली, नाचणीचं आंबील केलं, तांदळाची मऊ भाकर केली. आबा "ऱ्हाऊ दे" म्हणायचे.

ताटावरून म्हातारा उठला की विठाबाईचा जीव खाली-वर व्हायचा. ह्याला काही झालं तर ते माझ्या माथी. कुणाला कळणार नाही, पण मला कळेल.

एके दिवशी दुपारी तिनं पावट्याची आमटी केली, गरम भाकर वाढली आणि नेहमीसारखी चुलीकडं न वळता समोर फतकल मारून बसली.

"मामंजी, आज खाल्ल्याबिगर उठू देनार न्हाई. काय होतंया तुमाला?"

आबांनी भाकर कुस्करली. कुस्करतच राहिले.

"माज्यामुळं गेलं गं ते झाड."

"कोन म्हनतं?"

"कोन कशाला म्हनाया पायजे? मी खाल्लंय दुसऱ्याचं. झाडाला कळतंया ते." म्हातारा ताटाकडं बघत बोलू लागला. "धाकटी रोज दोन वाट्या करायची. एक मला तितंच बसवून पाजायची. दुसरी परड्यात नेऊन हातात द्यायची. हळूच म्हनायची, ही अक्कास्नी द्या, त्यांचं गुडघं दुखत्यात, मी दिली तर त्या घ्यायच्या न्हाईत, तुमी दिली तर घेतील."

विठाबाई पुढं सरकली.

"आन मी गोठ्याआड जाऊन ती बी पेयाचो. तोंडाला चव आलती गं लय दिसांनी. आज पितो, उद्या दीन, असं म्हनायचो. वाटी हौदावर धुऊन परत न्यायचो. ती परड्यातच इचारायची, अक्का काय म्हनल्या? मी म्हनायचो, ग्वाड लागली म्हनत्यात." त्यांनी डोळे सोग्याला पुसले. "तुजा घास गिळला मी. म्हनून रुसलं झाड. तू माजं एवढं करतीस, आन मी तुजी वाटी..."

चुलीत लाकूड फुटलं. विठाबाईला टाकीपाशी उभी राहिलेली राजेश्वरी दिसली. गुडघं कसं हायती आता? गूळ कमी करू का? सांगावं असं तिच्या मनात आलं. मामंजी, तुमचं काही पाप नाही, झाड मी मारलं. पण तिनं ताट त्यांच्यापुढं सरकवलं.

"वाटीचं काय एवढं," ती म्हणाली. "जेवा तुमी."

"रागावली न्हाईस?"

"न्हाई."

आबांनी मोठा श्वास सोडला. आमटीत भाकर कालवली आणि घास तोंडात घातला. मग दुसरा. "पोटातलं भाईर पडलं बग," ते म्हणाले. "आता भूक लागली." आणि ताट पुसून झाल्यावर त्यांनी मान वर केली. "आनखी एक भाकर दे गं."

ज्यासाठी तिनं वर्षभर जिवाचं रान केलं ते तिच्या चुलीपुढं आलं होतं. ती भाकर थापायला बसली. पीठ हाताला चिकटू लागलं, भाकर कडेला फाटली.

"अक्का, हाव का घरात?"

दारात राजेश्वरी होती. वाटणीनंतर ती या उंबऱ्यात पहिल्यांदाच आली होती. हातात पदराखाली झाकलेली वाटी.

"मामंजींचं बोलनं ऐकू आलं. भाकर मागत व्हते ना? लय बरं वाटलं बगा." ती आत येऊन बसली. भिंतीवरून तिला किती ऐकू गेलं होतं ते विठाबाईला कळेना. पण राजेश्वरीचा चेहरा मोकळा होता. "गेल्या साली थोडी फळं वाळवून ठिवलीती. आज भिजवली. शेवटचीच. म्हनलं ह्या बारीला आपन सोताच द्यावी."

विठाबाईनं पिठाचे हात तसेच धरले.

"मॅडमचा फोन आलता," राजेश्वरी सांगू लागली. "त्या म्हनल्या, बाजूचा ऐन पडला म्हनून चंदन गेलं. त्याची मुळं ऐनाला धरून व्हती म्हनं. आता आपल्याला काय ठावं असनार अक्का? मलाबी न्हवतं, तुमालाबी न्हवतं. राबाला टहाळ तर लागतोच. जिवाला लावून घेऊ नगा, येवढं सांगाया आले."

विठाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला तशी तिनं ती घाईनं उलटली, बोटं भाजली.

"घ्या ना," राजेश्वरी म्हणाली.

विठाबाईनं वाटी घेतली. आबा टक लावून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आता ही बोलणार म्हणून. तिनं वाटी तोंडाला लावली. आंबटगोड होता कोळ, मागून जरा तुरट, आणि जिऱ्याचा वास. चांगला होता. चांगला होता याचंच तिला रडू यायला लागलं.

"गेल्या सालासारखाच लागतुया ना?" राजेश्वरीनं विचारलं. "वाळलेल्या फळांची चव बदलती म्हनत्यात."

विठाबाईनं एकदा आबांकडं पाहिलं, एकदा वाटीच्या तळाशी राहिलेल्या जांभळ्या रेषेकडं.

"व्हय," ती म्हणाली. "तसाच हाय."

"मग यकदा तरी तोंडानं सांगायचं, अक्का! मी आपली वर्सभर वाट बगत व्हते." राजेश्वरी हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

आबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. थोरलीनं आपल्याला सांभाळून घेतलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी काठीनं जमिनीवर ठोकलं.

"धाकटे, तुला सांगतो," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "आमच्या थोरलीवानी मनाची बाई औंढ्यात दुसरी न्हाई. साऱ्या गावात सांगीन मी. सांगनारच."

"नगा मामंजी," विठाबाई म्हणाली. "पाया पडते तुमच्या. कुनाला सांगू नगा."

"बघ," आबा राजेश्वरीला म्हणाले, "वर मोठेपना बी नगं तिला," आणि करपलेली भाकर त्यांनी आनंदानं ओढून घेतली.